रबराच्या पट्टीचा एअर डॅम: स्वस्त, लवचीक सामानातून गाडीखालची हवा कशी वळवावी

गाडीखाली एकदा वाकून नीट बघा. वरून चकचकीत आणि गुळगुळीत दिसणारी गाडी खालून पार ओबडधोबड असते. ऑइल संप (इंजिनखालचं ऑइलचं भांडं), सस्पेंशनचे आर्म, सायलेन्सरचा पाइप, मध्येमध्ये खड्डे आणि कप्पे. पुढून येणारी हवा या सगळ्यावर आपटत, गिरक्या घेत मागे जाते, आणि तिला असं घुसळण्यात आपलं इंधन जळतं. ही हवा खाली शिरण्याआधीच बाजूला वळवण्यासाठी पुढच्या बंपरखाली जी आडवी पट्टी लावतात, तिला एअर डॅम म्हणतात. घरच्या हत्यारांनी, रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या शीटमधून ती कशी करायची, कशी बसवायची आणि तिचा खरंच उपयोग झाला का हे कसं तपासायचं, ते सगळं इथे सांगतो.

लवचीक माल म्हणजे तडजोड, खरं काम फायबरग्लासचं, असं बरेच जण मानतात. बंपरखालच्या भागापुरतं मला हे अजिबात पटत नाही. तो भाग गतिरोधकाला, फुटपाथच्या कडेला, रस्त्यावरच्या दगडाला कधी ना कधी घासणारच. कडक भाग घासला की तडकतो आणि जाताना बंपरचे क्लिपही उपटून नेतो. लवचीक भाग मागे वाकतो आणि परत जागेवर येतो. रेसिंगवाल्यांनाही हे फार आधीच कळलं होतं. १९७० साली आलेल्या चॅपरल २जे या गाडीच्या खालच्या कडेला लेक्सान प्लॅस्टिकची झालर होती, आणि मागचे दोन पंखे खालची हवा बाहेर खेचत तेव्हा त्या झालरीमुळे गाडीखालचा दाब कमी राहायचा. रोजच्या वापरातल्या कितीतरी गाड्यांनाही रेडिएटरच्या खाली कारखान्यातूनच काळ्या रबराची किंवा मऊ प्लॅस्टिकची पट्टी लावलेली येते.

आधी हिशेब: हे तुमच्या उपयोगाचं आहे का?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उदाहरणाला १,२०० किलोची गाडी घेऊ. तिचा ड्रॅग गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडवतो ते सांगणारा आकडा) गुणिले समोरून दिसणारं क्षेत्रफळ ०.६५ चौरस मीटर आहे असं धरू. ताशी ५० किमीला हवेचा विरोध साधारण ७५ न्यूटन येतो, आणि १०० किमीला थेट चौपट, म्हणजे ३०० न्यूटन. टायरांचा लोळण्याचा विरोध मात्र दोन्ही वेगांना जवळपास तेवढाच, ११५ ते १२० न्यूटनच्या आसपास राहतो. म्हणजे ताशी ६० किमीच्या थोडं वर गेल्यावर हवेचं पारडं जड व्हायला लागतं. तुमची गाडी बहुतेक वेळ सिग्नल ते सिग्नल पळत असेल, तर एअर डॅमपेक्षा टायरमधली हवा वेळेवर तपासणं जास्त फायद्याचं. तास-दोन तास एकसारख्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर जाणं होत असेल, तर पुढे वाचा.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. गाडीत असे बदल करण्याचे नियम तुमच्याकडे काय आहेत आणि विमा त्याबद्दल काय म्हणतो. आणि काहीही लावलं तरी दिवे, नंबरप्लेट, पार्किंग सेन्सर, बंपरमागचा रडार, टो हुकची जागा यांतलं काहीही झाकलं जाता कामा नये.

माल कोणता घ्यावा

माझी पहिली पसंती ३ मिमी जाडीच्या काळ्या एचडीपीई (कडक पॉलिथीन) शीटला, किंवा बागेतल्या वाफ्यांच्या कडेला लावतात त्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या रोलला. कटरने कापता येतं, तडकत नाही, पाणी-तेलाने बिघडत नाही. काळाच रंग घ्या, कारण त्यातली काजळी प्लॅस्टिकला उन्हापासून वाचवते.

दुसरा पर्याय म्हणजे ५-६ मिमी जाडीचं, आत कापडाचे थर असलेलं कन्व्हेयर बेल्टचं रबर. घासून घासून ते झिजतं, पण फाटत नाही. वजन मात्र जास्त असतं, आणि नुसतं मऊ रबर असेल तर वेगात फडफडतं. म्हणून कापडाचे थर असलेलंच बघा.

तिसरा माल जाहिरातींच्या फलकांची पोकळ नळ्यांची शीट, जिला सनपॅक किंवा कोरोप्लास्ट म्हणतात. अतिशय हलकी आणि स्वस्त. पहिला प्रयोग, मापं, चुका, सगळं हिच्यावरच करावं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: आतल्या नळ्या उभ्या यायला हव्यात. माझी पहिली पट्टी मी शीट वाया जाऊ नये म्हणून आडव्या नळ्यांची कापली होती. एक तर ती बंपरच्या गोलाईवर बसेना, आणि बळंच बसवली तर पहिल्याच लांब फेरीत बंपरपासून दोन बोटांवर अख्खी घडी पडून मागे मुडपली. घडीची ती पांढरी रेघ एखाद्या दुमडलेल्या पुठ्ठ्यासारखी सरळ होती. नळ्या उभ्या ठेवल्या की शीट बंपरभोवती सहज वळते आणि हवेच्या दाबाला मागे वाकायला मात्र तयार होत नाही. दोन्ही कामं एकाच दिशेने साधतात.

चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीन (पोकळ शीट याचीच असते) या दोन्हींवर साधा गोंद, इपॉक्सी, डबल साइड टेप काहीच भरवशाने धरत नाही. आज घट्ट वाटतं आणि पंधरा दिवसांनी सालपटासारखं निघतं. इथे नट-बोल्टच.

उंची ठरवणं

पट्टी जेवढी खोल तेवढी चांगली, हा या कामातला सगळ्यात मोठा गैरसमज. पट्टी स्वतः हवेला अडवते, म्हणजे तिचा स्वतःचाही विरोध असतो. गाडीखालचा खडबडीत भाग झाकण्याइतकी ती खाली गेली की फायदा. त्याच्या पुढे नेलीत तर तोटाच. म्हणून गाडी सपाट जमिनीवर उभी करा आणि पुढच्या अर्ध्या भागातला सगळ्यात खाली आलेला भाग शोधा. बहुतेक वेळा ऑइल संप किंवा त्याखालचा गार्ड. त्याची जमिनीपासूनची उंची मोजा. पट्टीची खालची कड त्याच रेषेत किंवा एखादा सेंटिमीटर वर ठेवा, त्याखाली नेऊ नका.

मग एक सरळ फळी घ्या. तिचं एक टोक पुढच्या टायरला जमिनीजवळ टेकवा आणि दुसरं पुढे-वर उचला. पट्टी जिथे येणार तिथे फळी अडली, की कुठल्या चढापर्यंत गाडी न घासता चढेल हे डोळ्यांना दिसतं. टायरपासून पट्टी ७० सेमी पुढे आणि जमिनीपासून १५ सेमी वर असेल, तर हा कोन जेमतेम १२ अंशांचा येतो. तळघरातल्या पार्किंगचा चढ आठवून बघा. गाडीत माणसं-सामान भरल्यावर आणि जोरात ब्रेक दाबल्यावर नाक आणखी काही सेंटिमीटर खाली जातं, तेही धरा.

साचा, मग कापणी

थेट शीटवर कापायला बसू नका. खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे जोडून ते बंपरखाली मास्किंग टेपने लावा. बंपरच्या खालच्या कडेची रेघ आतून मार्करने पुठ्ठ्यावर उतरवा. मधोमध एक उभी खूण करा, बंपरवरही आणि पुठ्ठ्यावरही. खालची कड टोकांकडे थोडी वर उचलत न्या, कारण वळण घेताना आणि तिरकं चढताना आधी कोपरेच घासतात. पुठ्ठा लावलेला असतानाच चार-पाच पावलं मागे जाऊन समोरून बघा. एक बाजू खाली वाटली तर आत्ताच दुरुस्त होते.

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर पुठ्ठ्याच्या टोकापासून किती दूर राहतो हेही बघून घ्या. उभ्या गाडीत किमान ४ सेमी अंतर पाहिजे, कारण खड्ड्यात टायर वर जातो तेव्हा तो थोडा सरकतोही. गाडीखाली हात घालावा लागेल तेव्हा रॅम्पवर किंवा जॅक स्टँडवर उभी करूनच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, एका मिनिटासाठीही नाही.

कापताना ठरलेल्या उंचीपेक्षा ३ सेमी जास्तच ठेवा. नंतर दीड-दीड सेंटिमीटरने कमी करत जाता येतं, वाढवता येत नाही. एचडीपीई कापायला नवीन पातं आणि लोखंडी पट्टी घ्या. एका झटक्यात आरपार कापू नका. तीन-चार हलके हात मारले की शीट त्या रेघेवर सरळ सुटते. कापलेली कड पॉलिश पेपरने गोल करून घ्या. हे केवळ दिसण्यासाठी नाही. कडेवर राहिलेली बारीक खाच हीच पुढे फाटण्याची सुरुवात असते, आणि रस्त्यावरच्या माणसाच्या पायाला लागेल अशी धारही राहू नये.

कोपऱ्यात घट्ट वळण हवं असेल तर हीट गन वापरा. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं, त्यामुळे मऊ होणं आणि ओघळणं यांत फार अंतर नसतं. गन सतत हलती ठेवा, पृष्ठभाग थोडा चमकायला लागला की वाकवा, हवं त्यापेक्षा किंचित जास्त, आणि पूर्ण गार होईपर्यंत तसंच धरून ठेवा. सोडायची घाई केली की पट्टी परत सरळ होते. पीव्हीसी शीट असेल तर जास्त तापवू नका, त्यातून घातक आम्लाचा धूर निघतो. कोणतंही प्लॅस्टिक तापवायचं ते मोकळ्या हवेतच.

बसवणी: खरं काम इथे आहे

ताशी १०० किमी वेगात हवेचा दाब साधारण ४६० पास्कल होतो. १.४ मीटर लांब आणि १० सेमी उंच पट्टीवर हा दाब पडला तर जवळपास ६५ न्यूटन, म्हणजे साडेसहा किलोचं ओझं झालं. १२० किमीला ते साडेनऊ किलोच्या घरात जातं. ओझं मोठं नाही, पण ते तासन् तास असतं, आणि थरथरत असतं. म्हणून चार स्क्रूंवर भागवू नका.

बंपरच्या खालच्या, आत वळलेल्या कडेला बहुतेक गाड्यांमध्ये आधीपासून क्लिप किंवा स्क्रू असतात. तीच भोकं आधी वापरा. बाकी बोल्ट १२ ते १५ सेमी अंतराने, ६ मिमीचे, शक्यतो स्टेनलेसचे. पट्टीच्या मागे २० मिमी रुंदीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावा, म्हणजे ताण एकेका भोकावर न येता सगळ्या लांबीवर पसरतो. पुढून मोठे वॉशर, मागून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले). थरथरीने साधे नट सुटतात. भोकं कडेपासून २ सेमी आत घ्या. धातूच्या बंपर बीमला किंवा रेडिएटरच्या आधाराला भोक पाडू नका.

आता एक बारकावा, जो बहुतेकांचा राहून जातो. एचडीपीई उन्हात बरंच वाढतं: एका मीटरला दर अंशामागे साधारण ०.१५ मिमी. पहाटेच्या गारव्यात बसवलेली १.४ मीटरची पट्टी दुपारी ४० अंशांनी तापली की ८ मिमीने लांब होते. सगळी भोकं गोल आणि घट्ट असली, तर ही वाढ जाणार कुठे? दोन बोल्टांच्या मध्ये पट्टी लाटेसारखी फुगते आणि वेगात तीच लाट फडफडते. म्हणून फक्त मधलं भोक गोल ठेवा, बाकी सगळी ६ बाय १२ मिमीची लांबट करा. बसवायला सुरुवात मधून, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. नट आवळा, पण हाताने जोर लावला तर पट्टी बाजूला किंचित सरकली पाहिजे.

दोन्ही टोकं एकेका केबल टायने आत बांधून ठेवा. उद्या बोल्ट तुटलेच तरी पट्टी टायरखाली जाणार नाही आणि मागच्या गाडीवर उडणार नाही.

बसवून झाल्यावर सामान तोलायचा स्प्रिंग काटा घ्या. पट्टीच्या खालच्या कडेला चिमटा लावून मागच्या दिशेने ओढा. एका जागी दोन किलोच्या ओढीला कड दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त मागे जात असेल तर पट्टी पातळ आहे. अशा वेळी अख्खी जाड शीट घेण्यापेक्षा वरच्या अर्ध्या भागाला मागून त्याच शीटचा दुसरा थर लावा. पाटा स्प्रिंगमध्ये एकावर एक पाती असतात त्याच तत्त्वावर मुळाशी ताकद येते आणि खालची कड घासायला मऊच राहते. माझ्या रबरी पट्टीतून ताशी ९० च्या वर भुंग्यासारखा एकसुरी आवाज यायचा. दुसरा थर लावल्या दिवशी तो थांबला.

पहिली फेरी आणि तापमान

आधी ३० च्या वेगाने, मग ५०, मग ८०. प्रत्येक टप्प्यानंतर सुरक्षित जागी थांबून खाली बघा: बोल्ट, टायरपासूनचं अंतर, कुठे घासल्याची खूण. खिडक्या बंद, रेडिओ बंद. नवा आवाज आला तर तो शोधून काढेपर्यंत वेग वाढवू नका.

एअर डॅममुळे मागचा दाब कमी होतो, त्यामुळे रेडिएटरमधून आलेली गरम हवा इंजिनखालून निघून जायला मदतच होते. १९८२ ते १९९२ दरम्यानची शेव्हरोलेट कॅमॅरो आणि १९८४ पासूनची सी४ कॉर्व्हेट या गाड्या तर रेडिएटरची हवा खालूनच घेतात. त्यांची खालची पट्टी तुटली की हायवेवर इंजिन तापायला लागतं. तरीही तुमच्या बंपरच्या तळाला हवा घेणारी फट असेल, तर ती आपल्या पट्टीने बुजत नाही ना, हे बघा. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) लावून कूलंटचं तापमान बदलाच्या आधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, एसी चालू ठेवून नोंदवा. नेहमीपेक्षा ५-७ अंश वर गेलं तर काहीतरी अडतंय. पुढच्या ब्रेकना हवा नेणारी वाट कापली गेली का, तेही तपासा.

फायदा झाला का, हे कसं कळणार

या भागावर मी सगळ्यात जास्त जोर देतो, कारण बहुतेक घरगुती कामं इथेच फसतात. भाग सुंदर बसतो, गाडी हलकी वाटायला लागते, आणि मोजलं कुणीच नसतं.

सोपी चाचणी अशी. लांब, सपाट, मोकळा रस्ता, वारा अगदी पडलेला. ताशी ९५ ला नेऊन गिअर न्यूट्रलला टाका, इंजिन चालू ठेवूनच, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. ९० वरून ७० वर यायला किती सेकंद लागले, ते शेजारी बसलेल्याने मोजायचं. आपल्या उदाहरणातल्या गाडीला साधारण २१ सेकंद लागतील. एअर डॅमने हवेचा विरोध ५ टक्के कमी झाला असं धरलं, तर फरक पडतो जेमतेम पाऊण सेकंदाचा. आणि रस्त्याला डोळ्यांना न जाणवणारा, हजार मीटरला एक मीटर एवढा उतार असला, तरी तो १२ न्यूटनचा धक्का देतो. तो आपल्या सगळ्या कमाईपेक्षा मोठा आहे. ताशी ५ किमीची झुळूक समोरून आली तर ८० च्या वेगात विरोध १३ टक्क्यांनी वाढतो. हवा १० अंशांनी तापली तर ती ३ टक्क्यांहून थोडी जास्त विरळ होते.

म्हणून प्रत्येक फेरी दोन्ही दिशांना करा. दोन्हींची सरासरी घ्या. पट्टीसह चार जोड्या, मग पट्टी काढून चार, मग परत लावून चार, हे सगळं एकाच सकाळी. पहिल्या आणि तिसऱ्या गटाचे आकडे आपसात जुळले तरच मधल्या गटाशी तुलना करायची. नाही जुळले तर त्या दिवशी हवा बदलली, दुसऱ्या दिवशी परत.

दाब मोजायचा तर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी यू आकारात एका फळीवर लावा, अर्धी रंगीत पाण्याने भरा. एक टोक पट्टीच्या पुढे, दुसरं पट्टीच्या मागे न्या. टोकं हवेच्या धारेत थेट उघडी ठेवू नका, पट्टीच्या पृष्ठभागाशी सपाट बसवा. ताशी १०० ला हवेचा पूर्ण दाब पाण्याच्या सुमारे ४७ मिमी पातळीइतका असतो, त्यामुळे फरक मिलिमीटरमध्ये स्पष्ट दिसतो. वाचणारा माणूस वेगळाच हवा, चालवणाऱ्याने नळीकडे बघायचं नाही. आता खालची कड दीड सेंटिमीटरने कमी करा आणि पुन्हा मोजा. कापूनही फरक तेवढाच राहिला, तर ती उंची फुकट होती.

लोकरीच्या धाग्याचे ८-१० सेमी तुकडे टेपने चिकटवून, शेजारच्या गाडीतून दुसऱ्याने चित्रण करणं हीसुद्धा जुनी आणि उत्तम पद्धत. सरळ पडलेला धागा म्हणजे हवा चिकटून वाहतेय, गरगरणारा किंवा उलटा वळलेला म्हणजे सुटली. नासाने १९७० च्या दशकात एका खोक्यासारख्या व्हॅनवर असे धागे लावून काम केलं होतं. व्हॅनचे कोपरे आणि कडा गोल केल्यावर तिचा हवेचा विरोध निम्म्याहून कमी झाला.

याच सामानातून आणखी

उरलेल्या शीटचे हातभर रुंदीचे दोन तुकडे पुढच्या टायरांच्या अगदी पुढे, फेंडर लायनरच्या (चाकावरच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराच्या) स्क्रूंना लावता येतात. त्यामुळे हवा थेट फिरत्या टायरवर आपटत नाही. थंड हवेत पुढच्या जाळीच्या फटी पाइपवर चढवायच्या फोमच्या नळीने बंद करता येतात: नळी उभी चिरून जाळीच्या पट्ट्यांवर चढवायची, आधी वरच्या फटी, आणि डोळा तापमानाच्या आकड्यावर. ऊन वाढलं की काढून टाकायची.

गाडीचं पूर्ण पोट पोकळ शीटने झाकायचा मोह होतो. त्यात एक सीमा पाळा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा भाग) आणि सायलेन्सरच्या पाइपजवळ प्लॅस्टिक नेऊ नका. कन्व्हर्टर काहीशे अंशांपर्यंत तापतो, आणि त्या जागेवर हवा खेळती राहिलीच पाहिजे. पाइप जातो तो बोगद्यासारखा भाग उघडा सोडा. ऑइल काढायच्या बोल्टखाली झडप ठेवा, नाहीतर मेकॅनिक पहिल्याच सर्व्हिसला सगळं उचकटून ठेवेल.

दर महिन्याला आणि प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी बोल्ट हाताने हलवून बघा, भोकांभोवती पांढरट रेघ दिसते का तपासा. ती दिसली तर पट्टी बदलायची वेळ आली. पुठ्ठ्याचा साचा मधल्या खुणेसकट जपून ठेवा आणि त्यावर शेवटची ठरलेली उंची लिहून ठेवा. नवी पट्टी मग तासाभरात कापून होते.